गावाचा हिशेब गावाच्या हाती

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या मारलेल्या आजही अनेक घरांत दिसतात. महिनाअखेरीस दूधवाला तीस दिवसांचे पैसे मागतो आणि घरची गृहिणी कॅलेंडरकडे बोट दाखवते. चार दिवस दूध आलेच नव्हते! वाद तिथेच मिटतो. ती काही संख्याशास्त्र शिकलेली नसते. पण नोंद आपल्याजवळ असली की बोलण्याला वजन येते, एवढे तिला पक्के ठाऊक असते.

आता हीच गोष्ट गावाला लावून पाहा. गावात किती मुले जन्मली, किती दगावली, कोणत्या वस्तीतला हातपंप बंद आहे, रेशनच्या दुकानात किती पोती उतरली, या सगळ्याची नोंद कुठे ना कुठे होतच असते. तलाठ्याचे दप्तर आहे, अंगणवाडीची रजिस्टरे आहेत, शाळेचा पट आहे, ग्रामसेवकाचे नमुने आहेत. परंतु ही नोंद गावाची नसते. ती तालुक्याला जाते, तिथून जिल्ह्याला, तिथून राजधानीला. गावाकडे परत येतो तो फक्त निर्णय. विहीर हवी असलेल्या गावाला समाजमंदिर मिळते आणि शाळेला खोली हवी असताना कमान उभी राहते. असे का झाले, हे विचारायला गावाजवळ कागद नसतो.

हा प्रवाह उलटा वाहू शकेल का? गावानेच आपली माहिती जमवली, आपणच तिचा अर्थ लावला आणि आपली गरज आपणच मांडली तर? आपल्या शेजारच्या एका राज्याने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. ते राज्य म्हणजे छत्तीसगड.

रायपूरची जनरपट

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की गोंदिया, दुर्ग मागे टाकत पाच-सहा तासांत रायपूर येते. मराठी माणसाला हे शहर परके नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागावर बसला. पुढे इंग्रजी राजवटीत रायपूर मध्य प्रांत-वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ तर आजही जागते आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. २००१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या होती सुमारे २ कोटी ८ लाख. त्यात जवळजवळ एक तृतीयांश आदिवासी. भूभागापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जंगल. नव्या राज्याला आपली स्थिती समजून घ्यायची होती. अशा वेळी सरळ मार्ग असतो तो तज्ज्ञांची समिती नेमण्याचा. समिती सरकारी आकडे गोळा करते, तक्ते मांडते आणि जाडजूड अहवाल सादर करते.

छत्तीसगडने वेगळी वाट धरली. राज्याचा मानव विकास अहवाल तयार करायचा, पण त्याचा पाया गावांनी स्वतः लिहिलेल्या अहवालांवर घालायचा, असे ठरले. या गाव-अहवालाला नाव दिले ‘जनरपट’. हिंदीत रपट म्हणजे अहवाल; तेव्हा जनरपट म्हणजे लोकांनी दिलेला अहवाल. राज्यातील १९ हजारांहून अधिक गावांच्या जनरपटी तयार झाल्या. त्यांच्या आधारे त्या वेळच्या १६ जिल्ह्यांचे अहवाल लिहिले गेले आणि जिल्ह्यांच्या अहवालांवरून राज्याचा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने हा राज्य अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला.

या जनरपटीत नुसती मोजदाद नव्हती. आमच्याकडे काय आहे, पूर्वी काय होते, कशामुळे बिघडले आणि काय केले तर सुधारेल, हेही गावांना सांगायचे होते. म्हणजे गावाला केवळ माहिती पुरवायची नव्हती. मतही द्यायचे होते.

याचा परिणाम राज्य अहवालाच्या मांडणीतच दिसतो. १९९० पासून जगभर मानव विकास मोजला जातो तो मुख्यतः तीन गोष्टींवरून : आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. छत्तीसगडच्या अहवालाची सुरुवात मात्र होते जल, जंगल आणि जमीन यांपासून. शिक्षण, आरोग्य, रोजगार हे सारे त्याच्या मागून येते. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने हा क्रम अगदी नैसर्गिक आहे. तळे आटले तर शेत जाते, मासळी जाते, गुरे जातात. मोहाची फुले आणि तेंदूपाने मिळाली नाहीत तर मुलाच्या वह्यांचे पैसे कुठून यायचे? दिल्लीच्या तक्त्यात ही रकाने-जोड सापडत नाही. ती गावाच्या डोक्यात असते.

खरे तर मोजदाद खेड्याला नवी नाहीच. छत्तीसगडात तळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावांबद्दल ‘छै आगर छै कोरी’ असे म्हणतात. कोरी म्हणजे वीस. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी! हा आकडा कुठल्या दप्तरातला नव्हे, लोकांच्या तोंडचा. आपल्या गावात तळी किती असावीत, याचे एक माप समाजाने स्वतःजवळ जपून ठेवले होते. आज तळे बुजवून त्यावर घरे उभी राहतात तेव्हा बहुधा ते मापही विसरले गेलेले असते.

सरासरीच्या आड दडलेला पारा

गावाने आपली माहिती जमवायची म्हटले की पहिला प्रश्न येतो : गाव म्हणजे नेमके कोण?

समजा, एका गावात १२० घरे आहेत आणि १२ हातपंप. सरासरी काढली तर दहा घरांमागे एक पंप. वरच्या कार्यालयात हा आकडा पाहून साहेब समाधानाने मान डोलावतील. पण गावात उतरून वस्तीवार मोजले तर काय दिसेल? मुख्य वस्तीत ६० घरांना ९ पंप. दुसऱ्या वस्तीत २५ घरांना २. तिसरीत २० घरांना १. आणि ओढ्यापलीकडच्या चौथ्या वस्तीत १५ घरे, पंप एकही नाही. तिथल्या बायका झऱ्याचे पाणी भरतात आणि पावसाळ्यात त्याच वस्तीत जुलाबाने मुले आजारी पडतात. सरासरी खोटी नव्हती. परंतु ज्यांना पाण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच तिच्याआड दिसेनासे झाले.

म्हणूनच छत्तीसगडच्या मितानिन कार्यक्रमाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात आरोग्य-कार्यकर्ती गावामागे एक न नेमता पाऱ्यामागे एक, अशी निवडली गेली. पारा म्हणजे आपल्याकडचा टोला किंवा पाडा. आज अशा सुमारे ७० हजार मितानिन राज्यात काम करतात. देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांची योजना २००५ नंतर आली. तिच्यापुढे जी उदाहरणे होती त्यांत मितानिन हे एक ठळक उदाहरण होते.

हे नावही विचारपूर्वक ठेवलेले आहे. छत्तीसगडात दोन मैत्रिणी विधिपूर्वक, देवाला साक्षी ठेवून एकमेकींच्या मितानिन होतात आणि ते नाते जन्मभर पाळतात. अशा सखीने दारात येऊन विचारले, की बाई, तुझे मूल वजनाला भरते का, घरात दोन वेळा भात शिजतो का, तर उत्तर खरे मिळते. सरकारी गाडीतून उतरलेल्या अनोळखी माणसाला ते मिळेलच असे नाही. खरी माहिती हवी तर आधी विश्वास हवा, हा यातला धडा.

पुढे ‘स्वस्थ पंचायत’ या योजनेत पाऱ्या-पाऱ्यातली अशी माहिती एकत्र करून पंचायतीपुढे ठेवली जाऊ लागली. आपली पंचायत आरोग्यात कुठे उभी आहे आणि तिच्यातला कोणता पारा मागे पडला आहे, हे गावाला समोरासमोर दिसू लागले. मग चर्चेचा सूरच बदलतो. ‘आमच्याकडे लक्ष द्या’ या विनवणीऐवजी ‘या पाऱ्यात लस पोचलेली नाही, कधी पोचवता?’ असा नेमका प्रश्न विचारता येतो.

रेशनच्या बाबतीतही छत्तीसगडचा अनुभव असाच आहे. २००४ साली राज्याने रेशनची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गट यांच्याकडे सोपवली. त्यानंतरच्या काही वर्षांत धान्याच्या साठ्याची नोंद संगणकावर आली. गोदामातून गावाकडे ट्रक निघाला, की नाव नोंदवलेल्या लोकांना मोबाईलवर संदेश जाण्याची सोय झाली. माहिती तीच होती. पूर्वी ती गोदामाच्या कारकुनाजवळ असे, आता धान्य खाणाऱ्याच्या खिशात आली. ‘वरून मालच आला नाही’ हे उत्तर देणे त्यामुळे अवघड झाले.

गडचिरोलीतले मोजणे

छत्तीसगडची हद्द ओलांडून अलीकडे आले की आपला गडचिरोली जिल्हा लागतो. आकडे माणसांचे प्राण कसे वाचवतात, याचा दाखला इथे आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे मोजायला सुरुवात केली. मूल कोणत्या दिवशी गेले आणि कशाने गेले, हे घरोघर जाऊन विचारले. तेव्हा ध्यानात आले, की फार मोठ्या संख्येने मुले जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच दगावतात, आणि तीही घरी, दवाखान्याचे तोंड न पाहता. एकदा हे कळल्यावर उपायही घरातच शोधावा लागणार, हे उघड झाले. मग ३९ गावांतल्या निवडक स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि नंतर घरोघरी नवजात बालसेवेची हीच पद्धत देशपातळीवरच्या कार्यक्रमात घेतली गेली.

पुढे महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले. ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ साली आलेल्या त्यांच्या अहवालाने राज्यात खळबळ उडाली. प्रत्यक्षात होणारे किती तरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नव्हते. ज्या मुलाच्या मृत्यूची नोंद नाही, त्याच्यासाठी कोण योजना आखणार? सरकारच्या लेखी ते मूल जन्मालाही आले नव्हते आणि गेलेही नव्हते.

पाण्याच्या बाबतीत अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव सर्वांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. हे गाव दरवर्षी पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे, हे ग्रामसभेत ठरवते. घरात पगार पाहून खर्च ठरवावा, तसेच हे! पाऊस कमी झाला तर पिण्याचे पाणी आधी राखायचे, मग गुरांचे, मग शेतीचे. असा निर्णय सरपंचाने एकट्याने लादला असता तर भांडणे झाली असती. मोजलेला पाऊस सर्वांनी पाहिलेला असतो, म्हणून निर्णय मानला जातो.

लेखणी कुणाच्या हाती?

अर्थात आकडा म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याला काटेही आहेत.

पहिला काटा सत्तेचा. गावाची बैठक भरली की पुढे कोण बसते आणि मागे कोण उभे राहते, हे सांगायला नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे लोकसहभागी पाहणीची पद्धत रूढ होऊ लागली. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने, खड्यांनी, बियांनी आपल्या गावाचा नकाशा काढायचा, अशी ती पद्धत. तिचा नेहमीचा अनुभव असा, की पुरुषांनी काढलेल्या नकाशात रस्ता, देऊळ आणि शेते ठळक येतात. बायकांच्या नकाशात पाण्याची जागा, सरपणाची वाट आणि आडोसा ठळक येतो. दोन्ही नकाशे खरेच. पण एकच काढला तर अर्धे गाव कागदावर येतच नाही.

दुसरा काटा लोभाचा आणि भीतीचा. आकड्यावर बक्षीस ठेवले की आकडा फुगतो. आकड्यावर सवलत ठेवली की तो आक्रसतो. कुपोषित मुले दाखवली तर अंगणवाडीताईला जाब विचारला जाणार असेल, तर तिच्या तराजूत मुले वजनदार होऊ लागतात. म्हणून माहिती देणाऱ्याला शिक्षा नको, मदत हवी.

तिसरा काटा अब्रूचा. कुणाला क्षय झाला, कुणाच्या मुलीची प्रसूती कधी झाली, हे चावडीवर वाचून दाखवायचे नसते. गावाला संख्या कळावी. नाव मात्र ज्याचे त्याच्याजवळ आणि उपचार करणाऱ्याजवळच राहावे.

आणि चौथी गोष्ट सातत्याची. जनरपटीसारखे मोठे काम एकदा होते, त्याचे कौतुकही होते. पण गाव दरवर्षी बदलते. राज्याच्या १६ जिल्ह्यांचे आता ३३ जिल्हे झाले. देशाची २०२१ ची जनगणना तर ठरल्या वेळी झालीच नाही आणि २०११ चे आकडे वापरून वर्षानुवर्षे योजना आखाव्या लागल्या. २०११ मध्ये जन्मलेले मूल २०२१ मध्ये दहा वर्षांचे झाले. त्याच्यासाठी जुन्या तक्त्यात बाक नव्हताच. अशा वेळी गावाने दरसाल स्वतः भरलेली साधी वहीदेखील मोलाची ठरते.

आपल्या गावात, आपल्या वॉर्डात

हे सारे करायला कायद्याची आडकाठी नाही. उलट आधार आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू करून राज्याच्या योजनानिधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरवले आणि आधी गावाचा अभ्यास, मग आराखडा असा क्रम घालून दिला. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि त्यासाठी प्रत्येक पंचायतीने विकास आराखडा करणे आले. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने हे काम सुरू झाले. प्रश्न आहे तो हा आराखडा कोण लिहितो याचा. गाव लिहिते, की संगणकावर बसलेला कुणी तरी गेल्या वर्षीचाच मजकूर पुन्हा उतरवतो?

सुरुवात लहान करावी. सगळे मोजायला गेले की काहीच धड मोजले जात नाही. महिला मंडळाने, बचत गटाने किंवा तरुण मंडळाने एकच प्रश्न निवडावा. पिण्याचे पाणी म्हणा, शाळा सोडलेल्या मुली म्हणा, गल्लीतला डेंग्यू म्हणा. वस्तीवार घरे मोजावीत. शाळकरी मुले हे काम हौसेने आणि नेटके करतात. मग तेच आकडे अंगणवाडीच्या, शाळेच्या किंवा पंचायतीच्या नोंदीशी ताडून पाहावेत. फरक आढळला तर भांडण्याआधी पुन्हा मोजावे. कधी चूक आपलीही निघते.

जमलेली माहिती मोठ्या अक्षरांत, सर्वांना वाचता येईल अशी, भिंतीवर लावावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढावे : जितकी घरे तितके ठिपके, पाणी असलेले निळे आणि नसलेले लाल. लाल ठिपक्यांचा पुंजका कुठे आहे, हे आजीबाईंनाही क्षणात कळते.

आणि मग योग्य ठिकाणी ती मांडावी. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची प्रथा आहे आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. पुष्कळ गावांत ही सभा फक्त सह्यांपुरती उरते, कारण तिथे बोलायला काही मुद्दा नसतो. वस्तीचा नकाशा हातात घेऊन पाच बायका त्या सभेला गेल्या तर मुद्दा आपोआप तयार होईल. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे आणि पुढच्या सभेत त्याच पानावरून प्रश्न विचारावा. शहरात राहणाऱ्यांनी हीच वही नगरसेवकाकडे आणि वॉर्ड कार्यालयात न्यावी.

ओढ्यापलीकडच्या त्या पंधरा घरांना पंप मिळतो की नाही, हे शेवटी राजकारण, पैसा आणि चिकाटी यांवर ठरते. नुसत्या आकड्याने पाणी येत नाही. पण ती पंधरा घरे कुणी मोजलीच नाहीत, तर त्यांच्याबद्दलचा प्रश्न सभेत कधी निघणारच नाही.